कॉन्सर्टचं तिकीट कधी काढायचं? आपण कोकणातल्यांनी आधी गाडी बघायची

दिवाळी झाली की हा प्रश्न दरवर्षी सुरू होतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी पोस्टर टाकतं, कधी नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम असतं, कधी वरळीचा डोम, आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आत्ताच्या आत्ता काढा नाहीतर हातचं जाईल, दुसरी म्हणते थांबा जरा, शेवटच्या आठवड्यात ऑफर येते. दोन्ही सल्ले खरे आहेत पण ते मुंबईत राहणाऱ्यांसाठी खरे आहेत. मी रत्नागिरीत राहते, माझ्या बहिणी-मैत्रिणी चिपळूण, संगमेश्वर, कुडाळला आहेत, आणि आम्हाला संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघून सात वाजता गेटवर उभं राहता येत नाही. आपल्यासाठी तिकीट काढायचा दिवस ठरवते ती कोकण रेल्वे. हे मी अगदी मनापासून सांगतेय कारण दरवर्षी कोणी ना कोणी ठाण्याच्या नाहीतर डोंबिवलीच्या भावंडाचं ऐकून थांबतं आणि शेवटी कॉन्सर्ट मोबाईलवर बघतं.

हिशोब साधा आहे. समजा तिकीट साडेतीन हजाराचं आहे आणि तुम्ही थांबलात, नशिबाने पाचशे-हजार वाचले. पण तोपर्यंत गाडी गेली. रत्नागिरी ते पनवेल स्लीपर तीनशेच्या आसपास पडतं, ते कन्फर्म असेल तर प्रवासाचा खर्च म्हणजे काहीच नाही. तेच वेटिंगला अडकलं की वीकेंडची प्रायव्हेट बस, तिचे भाव आपण सगळे जाणतो, नाहीतर चौघांनी मिळून गाडी करायची आणि एनएच ६६ वरून, म्हणजे मुंबई-गोवा हायवेवरून, रात्रभर हाडं खिळखिळी करत जायचं. एसटी आहेच, आणि महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट झाल्यापासून आम्ही बायका तर एसटीच आधी बघतो, पण शो संपल्यावर मध्यरात्री रत्नागिरीकडे येणारी हक्काची एसटी पनवेलला उभं राहून शोधायची म्हणजे जीवावर येतं. म्हणजे तिकिटात वाचवलेले हजार प्रवासात दुप्पट होऊन जातात.

आता मोठ्या शोचं बोलते, कारण तिथे नियम वेगळा आहे. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या शोचं सगळ्यांना आठवत असेलच. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी १२ वाजता बुकमायशोवर विक्री उघडली, साधं तिकीट अडीच हजारापासून आणि लाउंजचं ३५ हजार, आणि लोकांना स्क्रीनवर दिसला तो रांगेतला लाखोंच्या घरातला नंबर. आधी डी. वाय. पाटीलला १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोनच शो होते, मग २१ तारखेचा तिसरा जाहीर झाला, पुढे अहमदाबादचे दोन आले, २५ आणि २६ जानेवारीचे. त्याच्यावर नोव्हेंबरमध्ये साधारण दोन हजाराची इन्फिनिटी तिकिटं निघाली, जोडीनेच घ्यायची, जागा कुठली ते नंतर कळणार. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी जे लोक रडकुंडीला आले होते त्यांच्यासाठी पुढे दारं उघडत गेली, पण ती दारं उघडतील याची खात्री कोणीच देत नव्हतं आणि ज्यांनी चिडून नाद सोडला त्यांना नोव्हेंबरचं कळलंच नाही.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. गणपतीच्या गाड्यांचं रिझर्वेशन हेच तर असतं. सकाळी आठला आयआरसीटीसी उघडायचं, दोन मिनिटांत वेटिंग शंभरच्या पुढे, घराघरात आरडाओरडा, मुंबईचे काका फोनवर वैतागलेले, आणि मग थोड्या दिवसांनी रेल्वे स्पेशल गाड्या जाहीर करते. ज्याचं लक्ष असतं त्याला स्पेशलमध्ये जागा मिळते. मोठ्या शोच्या तिकिटाला तस्संच वागा. पहिल्या दिवशी प्रयत्न करायचाच, अकाउंट आधी उघडून, लॉगिन करून, पेमेंटची सोय करून, कारण रांगेत नंबर आल्यावर ओटीपीसाठी भावाचा फोन शोधत बसलात तर गेलं. आणि नाही मिळालं तर नाद सोडायचा नाही, वाढीव शोवर आणि नंतर सुटणाऱ्या तिकिटांवर नजर ठेवायची.

ही नंतरची तिकिटं कुठून येतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते. सुरुवातीला विक्री उघडते तेव्हा स्टेज नेमकं किती रुंद, साउंडचे टॉवर कुठे, कॅमेरे कुठे हे पक्कं झालेलं नसतं, म्हणून आयोजक काही ब्लॉक बाजूला ठेवतात. काही स्पॉन्सरसाठी, पाहुण्यांसाठीही राखलेले असतात. शो जवळ आला, स्टेजचा नकाशा फायनल झाला की ज्या खुर्च्यांवरून नीट दिसतंय त्या सोडल्या जातात, आणि मूळ किमतीला सोडल्या जातात. म्हणून शोच्या आधीचे आठ-दहा दिवस रोज एकदा अॅप उघडून सीटचा नकाशा बघायचा. काल राखाडी होता तो ब्लॉक आज रंगीत दिसला की समजायचं.

ब्लॅकने मात्र घेऊ नका, हात जोडून सांगते. कोल्डप्लेच्या वेळी व्हायागोगो, गिग्सबर्ग असल्या साइटवर लाखालाखाचे आकडे दिसत होते आणि बुकमायशोने स्वतः त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, अशी तिकिटं ग्राह्य धरणार नाही असंही सांगितलं. आता विचार करा, तुम्ही कणकवलीहून रात्रभर प्रवास करून गेलात, गेटवर स्कॅनर लाल झाला, मग काय? मुंबईचा माणूस शिव्या घालत घरी जाईल, तुम्ही रात्रभर कुठे बसणार? आपल्याला हा धोका जास्त महाग पडतो. इन्स्टावर डीएम करून तिकीट विकणाऱ्या अनोळखी माणसाला तर एक रुपया पाठवू नका, एकाच क्यूआरचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो.

पण असे मोठे शो दोन-चार वर्षांतून येतात. यू टू हा आयरिश बँड आला होता डिसेंबर २०१९ मध्ये, त्याआधी गायक जस्टिन बीबर मे २०१७ मध्ये, दोन्ही डी. वाय. पाटीललाच. आपण जातो ते बहुतेक वेळा हिंदी-मराठी गायकांच्या शोला, आणि तिथे खरा घोळ होतो कारण तिथे तिकिटं लगेच संपत नाहीत. अर्ली बर्ड, फेज एक, फेज दोन असे भाव चढत जातात, आणि मागणी कमी पडली तर शेवटी एकावर एक फ्री किंवा कुठल्यातरी कार्डावर सूट. आता भाव चढणार की उतरणार हे आधी कोणाला कळणार? माझं म्हणणं असं की कोकणातल्या माणसाने त्या अंदाजात पडूच नये.

माझी पद्धत सांगते. शोची तारीख जाहीर झाली की आधी कॅलेंडर काढायचं आणि साठ दिवस मागे मोजायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ रिझर्वेशन १२० वरून ६० दिवसांवर आलंय, प्रवासाचा दिवस सोडून. (कोल्डप्लेच्या वेळी १२० होते, आणि गंमत बघा, १८ जानेवारीची गाडी उघडली २० सप्टेंबरला, तिकीट विक्रीच्या बरोबर दोन दिवस आधी.) गाडी उघडेल त्या सकाळी जायचं-यायचं दोन्ही काढून टाकायचं, कॉन्सर्टचं तिकीट हातात नसलं तरी. कारण स्लीपरचं कन्फर्म तिकीट वेळेत रद्द केलं तर माणशी १२० रुपये कापतात, ऑनलाइनची फी सोडून बाकीचे परत. कॉन्सर्टचं तिकीट मात्र एकदा घेतलं की घेतलं, शो रद्द झाला नाहीतर पुढे ढकलला तरच पैसे परत येतात. मग आधी कुठलं काढायचं हे उघड आहे ना? गाडी कन्फर्म झाली की त्याच दिवशी, त्याच बैठकीत शोचं तिकीट घ्यायचं, त्या वेळी जो भाव असेल त्या भावाला, आणि मग पुढे भाव उतरला तरी बघायचं नाही. गाडी वेटिंगला गेली तर मात्र तिकीट घेऊ नका, आधी परतीची सोय लावा. फक्त मोठ्या शोला उलट करावं लागतं, तिथे तिकीट आधी आणि गाडी मागाहून, कारण ते तिकीट पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

परतीच्या गाडीच्या तारखेकडे नीट लक्ष द्या, इथे भल्याभल्यांचं चुकतं. उघड्या मैदानातला शो रात्री दहाच्या सुमारास संपतो कारण दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा आपल्याला होतो. नेरूळ स्टेशनला गर्दीतून पोचायला तासभर धरा, तिथून हार्बरची लोकल, अर्ध्या तासात पनवेल. कोकणकन्या पनवेलला साडेबाराच्या सुमारास येते, ती कधीकधी हुकण्याची भीती, पण तुतारी दादरहून १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते आणि पनवेलला एक वाजून गेल्यावर येते, ती आरामात मिळते. पण शनिवारचा शो असेल तर या दोन्ही गाड्या पनवेलला येतात तेव्हा रविवार लागलेला असतो. तिकीट रविवारच्या तारखेचं हवं! शनिवारची तारीख टाकलीत तर तुमची गाडी तुम्ही मुंबईला पोचायच्या आधीच निघून गेलेली असेल. बुकिंग करताना मोठ्याने बोलून तारीख वाचा, मी वाचते. वेळापत्रक बदलत असतं म्हणून वेळाही त्या वेळच्या बघून घ्या.

वरळीच्या डोमचा शो असेल तर गणित बिघडतं. तिथे छत आहे, शो लांबू शकतो, आणि वरळीहून दादर-ठाणे-पनवेल काहीही गाठायला जीव वर होतो. तिथे मी मुक्कामाची सोय असेल तरच जाते.

एक अजून, सीट निवडताना. भाव बघून सगळ्यात स्वस्त ब्लॉक उचलायचा मोह होतो पण स्टेजच्या बाजूचे ब्लॉक असतात तिथून स्क्रीनची कड दिसते आणि गायकाची पाठ. नकाशात स्टेज कुठे आहे ते बोट ठेवून बघा. आणि स्टँडिंगचं तिकीट तरुण पोरांनी घ्यावं, रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाने दुपारी चारपासून उभं राहायचं म्हणजे शो सुरू होईपर्यंत पाय संपलेले असतात. मी वरचा लेव्हल घेते, समोरचा. आवाज छान येतो आणि बसायला मिळतं. काही शोचं तिकीट किंवा मनगटाचा बँड कुरियरने घरपोच येतो, तिथे वाडीचा पत्ता देऊ नका, मुंबईच्या नातेवाइकांचा द्या, आमच्या नेरूळच्या मावशीचा पत्ता यासाठी अर्ध्या रत्नागिरीला पाठ आहे.

आयोजकांना माझी एक मागणी आहे आणि ती मी प्रत्येक वेळी त्यांच्या पेजवर जाऊन लिहिते. शो निदान अडीच महिने आधी जाहीर करा. तीन आठवडे आधी पोस्टर टाकता तेव्हा कोकणात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्या भरून गेलेल्या असतात, म्हणजे तुम्ही रायगडच्या पुढच्या माणसाला सरळ बाहेर ठेवता. नाशिक-पुण्याच्या माणसाला बस तरी मिळते. आणि तिकिटाच्या पानावर शो किती वाजता संपणार ते लिहा, गेट किती वाजता उघडणार एवढंच लिहून काय उपयोग? गेल्या सीझनला आमच्यातल्या चौघी निघायच्या आदल्या दिवशी कळलं की शो पुढे ढकललाय. तिकिटाचे पैसे मिळाले, बुकिंग फी नाही, आणि आयत्या वेळी रद्द केल्यामुळे गाडीचेही बरेच कापले गेले. एवढं लांबून येणारी माणसं आहेत हे कोणाच्या डोक्यातच नसतं.

आता ही पोस्ट ज्याच्यासाठी लिहायला घेतली ते. आपल्याकडे रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात, चिपळूणच्या इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्रात, मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात गाण्याचे कार्यक्रम येतात, आणि तिथे आपण सगळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबतो. घराजवळच तर आहे, काउंटरवर बघू, पाऊस नसला तर जाऊ, कोणी पास देतंय का विचारू. नेरूळच्या शोसाठी साठ दिवस आधी अलार्म लावणारे आपण, इथे दोनशे-तीनशेचं तिकीट काढायला पाय ओढतो. पण कलाकारांना घेऊन येणारा माणूस आपल्यातलाच असतो, त्याने हॉलचं भाडं, साउंड, वादकांची राहायची सोय, सगळं आधी भरलेलं असतं आणि आगाऊ बुकिंग बघून तो ठरवतो की पुढच्या वेळी कोकण दौरा करायचा की कोल्हापूरवरूनच परत जायचं. ऐनवेळी हॉल भरला तरी त्याआधीचे आठ दिवस त्याची झोप उडालेली असते. म्हणून इथल्या शोचं तिकीट प्लॅन, म्हणजे सीटचं बुकिंग, उघडेल त्या पहिल्या दिवशी काढा, पास मागू नका. पुढच्या महिन्यात सावरकरला गाण्याचा कार्यक्रम आहे, रविवारी सकाळी प्लॅन उघडतोय, मी आमच्या सगळ्यांची तिकिटं तेव्हाच काढणार आहे, कोणाला बरोबर हवी असतील तर शनिवार रात्रीपर्यंत सांगा.