भाडेकरू बाहेर काढायचाय? नोटीस कशाला, मी आहे ना

घरमालक मंडळी, नमस्कार. मी गेली तेरा वर्षं पुण्यात भाड्याने राहतोय, पाच घरं झाली आणि पाच मालक झाले, त्यामुळे भाडेकरूला घराबाहेर कसं काढावं यावर बोलायचा अधिकार माझ्याइतका कोणाला असणार. वकिलाकडे गेलात तर तो फी घेऊन कलमं सांगेल, मी फुकट सांगतो.

तर बघा, भाडेकरू काढायची तयारी तो आत यायच्या आधीच सुरू करायची असते. पहिलं काम, ॲग्रीमेंट रजिस्टर करायचं नाही. वीस हजार भाडं धरा, अकरा महिन्यांचे झाले दोन लाख वीस हजार, त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी म्हणजे साडेपाचशे, डिपॉझिटपायी अजून थोडे, वर रजिस्ट्रेशनचे हजार. एवढे पैसे काय झाडाला लागतात? त्यापेक्षा नोटरीचा शिक्का मारून घ्या, ढीगभर झेरॉक्स काढा आणि कपाटात साडीखाली ठेवून द्या. दिल्लीला असलेल्या कुठल्यातरी साडूने तुम्हाला सांगितलेलं असतंच की अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर लागत नाही. साडू बरोबरच सांगतो, फक्त तो दिल्लीला राहतो आणि तुमचा फ्लॅट महाराष्ट्रात आहे. इथे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे एक महिन्याचा का करार असेना, तो लेखी आणि रजिस्टर हवा, आणि ती जबाबदारी भाडेकरूची नाही, मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते सोडा हो, त्याने कोण घाबरतंय, खरी मजा पुढे आहे. करार रजिस्टर नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरायच्या. म्हणजे मी म्हणणार भाडं आठ हजार ठरलेलं, मी लायसन्सी (म्हणजे ठरल्या मुदतीपुरता राहणारा) नाही कायमचा भाडेकरू आहे, आणि तुम्ही साडीखालची झेरॉक्स शोधत बसणार. पंधराशे रुपये वाचले ना पण.

भाडं शक्यतो रोख घ्या. पावती अजिबात देऊ नका, कायद्याने द्यायची असते हे मला माहितीय पण पावती दिली की इन्कम टॅक्सवाल्याला कळतं. आता पुढे कधी मी चार महिने भाडं थकवलं तर थकवलं हे तुम्ही दाखवणार कशावरून तो प्रश्न वेगळा, त्याचा विचार तेव्हा करू.

आता मुख्य विषय, नोटीस. भाडं थकलं म्हणून भाडेकरूवर दावा लावायचा असेल तर आधी थकबाकी मागणारी लेखी नोटीस द्यायची आणि ती त्याला पोचल्यापासून ९० दिवस थांबायचं, असं कलम १५ म्हणतं. नव्वद दिवस! एवढ्यात तर मेथी लावून तीनदा काढून होते. तेव्हा तुम्ही असं करा, रोजच्या गुड मॉर्निंगच्या गुलाबाखालीच टाका मेसेज की 'अहो ते घराचं जरा बघा आता', निळ्या टिका आल्या की झाली नोटीस. किंवा काकूंना सांगा, त्या लिफ्टमध्ये आमच्या हिला सांगतील. किती महिन्यांचे किती रुपये हे लिहायच्या भानगडीत पडू नका, हिशोब मांडला की संबंध बिघडतात. आणि मग दहाव्या दिवशी चिडून सरळ दावा ठोका. समोरचा वकील फक्त कॅलेंडर उघडेल, नव्वद दिवस झालेच नाहीत म्हणेल, आणि तुम्ही परत पहिल्यापासून सुरू. यात वर्ष दोन वर्ष आरामात जातात, भाडेकरूच्या दृष्टीने फार सुंदर काळ असतो तो.

काही अतिशहाणे मालक मात्र वकिलाकडून सही केलेली नोटीस पोस्टाने पोच घेऊन पाठवतात. यांच्यापासून सावध राहायला हवं (म्हणजे मला). कारण भाडेकरूने दार उघडून 'नाही घेत' म्हटलं तरी पोस्टमन 'घेण्यास नकार' असा शेरा मारून लखोटा परत पाठवतो आणि पत्ता बरोबर असेल तर नोटीस मिळाली असंच कोर्ट सहसा धरतं. तो परत आलेला लखोटा न फोडता तसाच कोर्टात दाखवायचा असतो म्हणे. तुम्ही फोडा. आत आपलंच पत्र आहे ना याची खात्री केलेली बरी, शिवाय पाकीट परत वापरता येतं.

नोटीस वगैरे जमतच नसेल तर रामबाण उपाय आहे, पाणी बंद करा. हा आपल्याकडचा पारंपरिक उपाय आहे, गच्चीवर जायचं, वॉल्व्ह फिरवायचा, खाली येऊन पेपर वाचत बसायचं. कलम २९ मध्ये लिहिलंय की मालकाने पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, साफसफाई यातलं काही पुरेशा कारणाशिवाय तोडलं तर भाडेकरू कोर्टात जाऊन ते पूर्ववत करून घेऊ शकतो आणि तोडणं हा गुन्हासुद्धा आहे. पण तुम्हाला काय त्याचं, टाकी तुमची, वॉल्व्ह तुमचा. आमच्या तिसऱ्या मालकांनी हेच केलेलं, आणि त्या दिवसापर्यंत मी खरंच घर सोडायच्या विचारात होतो, सामान पण अर्धं बांधलेलं. पाणी बंद झालं आणि आईशप्पथ सांगतो, बायकोने खोके परत उघडले. 'आता तर मी हलतच नाही', असं म्हणाली. सात महिने राहिलो अजून.

याहून जालीम म्हणजे कुलूप. भाडेकरू गणपतीला गावी गेला की कुलूपवाला बोलवा, लॅच बदला, त्याचं सामान पार्किंगमध्ये पावसात काढून ठेवा. घर तुमचं, सातबारा तुमचा, विचारणारा कोण? विचारणारं आहे हो एक, १९६३ चा विशिष्ट दिलासा कायदा (काय नाव आहे, ऐकूनच दिलासा वाटतो), त्याचं कलम ६. कायदेशीर मार्ग सोडून ताब्यातून काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची याला किंमत नसते, समोर खुद्द मालक असला तरी. म्हणजे लॅचचे पैसे तुमचे, हमालीचे पैसे तुमचे, आणि मी परत सोफ्यावर.

बरं, चाळीतला जुना भाडेकरू असेल, आजोबांपासूनचा, तर 'घर आम्हालाच राहायला हवंय' हे कारण लावा. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम १६ मध्ये आहे ते, गरज खरी मात्र पाहिजे. गरज नसेल तर निर्माण करा, मुलाचं लग्न ठरलंय सांगा. मुलगा न्यू जर्सीत आहे आणि त्याचं लग्न होऊन त्याचा मुलगा तिथे शाळेत जातो हे कोर्टाला कुठून कळणार, फेसबुकवर तुम्हीच फोटो टाकलेत एवढंच. घर न मिळाल्याने तुम्हाला त्रास जास्त की सोडावं लागल्याने भाडेकरूला, हे पण कोर्ट तोलून बघतं. आणि समजा मिळालंच, तर दुसऱ्याच दिवशी जास्त भाड्याने दुसऱ्याला द्या. कलम १७ प्रमाणे महिन्याभरात तुम्ही राहायला गेला नाहीत किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिलंत तर जुना भाडेकरू जागा परत मागू शकतो, आणि तो मागतोच, कारण समोरच्या वाण्याकडून त्याला सगळं कळत असतं.

एवढं सगळं करून दावा उभा राहिला की लघुवाद न्यायालय. मुंबईत असाल तर धोबी तलावाला. नावातल्या 'लघु'वर जाऊ नका. आणि गंमत म्हणजे थकबाकीच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळं थकलेलं भाडं पंधरा टक्के सरळ व्याजासकट आणि खर्चासकट भरलं आणि पुढेही भरत राहिला, तर त्या कारणावर घर सोडायचा हुकूमनामा होतच नाही. म्हणजे पहिले नव्वद तुम्ही दिलेत, दुसरे नव्वद कायदा देतो. मला तर हा कायदा पाठ आहे, तुम्हाला नसेल तर तुमचा दोष.

शेजारच्या विंगमध्ये एक निवृत्त बँकवाले काका आहेत, अत्यंत नीरस माणूस. त्यांनी अंगठा लावून लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलेलं, भाडं खात्यावर, पोलिसांना कळवलेलं, सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मुदत संपली, भाडेकरू हलेना, तर काकांनी आवाजही चढवला नाही. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे अर्ज ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज टाकला, समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन आधी बाजू मांडायचीच परवानगी मागावी लागते, आणि मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत दुप्पट भाडं लागतं. करार रजिस्टर आणि त्यातली तारीख स्वच्छ, मग तो मांडणार काय. वीसचे चाळीस हजार होतायत म्हटल्यावर बिचारा एका रविवारी टेम्पो बोलावून गेला. भांडण नाही, पाणी बंद नाही, बघ्यांना काही म्हणजे काही मिळालं नाही. असल्या माणसांमुळे सोसायटीतली करमणूक संपत चाललीय.

बाकी आमचं छान चाललंय. आमचे सध्याचे मालक फार प्रेमळ, ॲग्रीमेंट मार्चमध्येच संपलं, मी स्वतः दोनदा आठवण केली तर म्हणाले, "करू की रे सावकाश, आपण काय घरचेच." गेल्या आठवड्यात मात्र त्यांचा मेसेज आलाय, गुलाबाखाली, की जरा घराचं बघा. बघतोय मी. हॉलला ह्या दिवाळीत पिस्ता रंग द्यावा म्हणतोय.