दहन झालं म्हणजे सुटका नव्हे

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२मध्ये लेस्टर शहरातल्या पार्किंगखाली सापडला, हे एका लेखात वाचताना मजा आली. पण 'आपल्याकडे दहन होतं, म्हणून राजांच्या नशिबी असले भोग नाहीत' हे त्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. अस्थी नसतील, पण समाधी असतेच ना!

पुण्यात लकडी पुलाजवळ मुठेच्या काठी नानासाहेब पेशव्यांची समाधी आहे. पानिपतानंतर १७६१मध्ये पर्वतीवर वारले ते. ज्यांनी कात्रजचं पाणी शहरात आणलं, त्यांची समाधी कुठे विचारा. पुलावरून रोज गाडी हाणणारे निम्मे पुणेकर डोकं खाजवतील. मी गेलो तेव्हा कठड्यावर टॉवेल वाळत होता. रिचर्डला निदान २०१५मध्ये कॅथीड्रलमध्ये सन्मानाने पुरलं तरी.