वापरलेल्या लिनक्स यंत्रात राहिलेल्या वायफाय पासवर्डांविषयी आपल्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लॅमिंग्टन रोडवरील आमच्या दुकानातून आपण हातात मावणारा एक वापरलेला लिनक्स संगणक घेतला होता. त्याबद्दल एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आपल्या तक्रारी तीन आहेत. यंत्रात आधीच्या मालकाचे वायफाय पासवर्ड तसेच राहिले होते आणि ते साध्या अक्षरांत वाचता येत होते. दुरुस्तीनंतर यंत्र सुरू करताना दर वेळी एक निराळाच पासवर्ड मागितला जाऊ लागला. आणि पासवर्ड ‘कोड करून’ ठेवण्याची सोय असताना आम्ही ती आपल्याला करून दिली नाही. पहिल्या दोन तक्रारी रास्त आहेत. तिसरी मला मान्य नाही, आणि ती वाचून आणखी कोणी तोच उपाय करायला जाऊ नये म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण यंत्र काउंटरवर ठेवून जोडण्यांची यादी उघडलीत तेव्हा मी समोरच उभा होतो. यादीत नऊ नावे होती. एका नावात आडनाव आणि खोली क्रमांक होता, एक उघडच कचेरीचे होते, एक माथेरानच्या लॉजचे. तो माणूस कुठे राहतो, कुठे काम करतो आणि सुट्टीत कुठे जातो, हे परक्याला एका नजरेत कळावे अशी ती यादी होती, आणि ती आमच्या हातून विकली गेली. चूक कुठे झाली तेही सांगतो. वापरलेले यंत्र आले की आमच्याकडे जुन्या मालकाचे होम फोल्डर पुसले जाते. फोटो, कागदपत्रे, ब्राउझरमधले सगळे त्यात जाते. परंतु नेटवर्कमॅनेजर, म्हणजे लिनक्समध्ये नेटच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम, वायफायच्या जोडण्या होम फोल्डरमध्ये ठेवत नाही. त्या प्रणालीच्या ‘इटीसी’ नावाच्या फोल्डरात, प्रत्येक जोडणीला एक, अशा स्वतंत्र फाइलींत असतात, आणि होम फोल्डर कितीही स्वच्छ केले तरी त्यांना धक्का लागत नाही. इतकी वर्षे या धंद्यात असून हे माझ्या तपासणीच्या कागदावर नव्हते, याची मला लाज वाटते. आधीच्या मालकांना त्याच संध्याकाळी फोन करून राउटरचा पासवर्ड बदलायला सांगितले आहे. आता विक्रीपूर्वी प्रत्येक यंत्रात प्रणाली नव्याने टाकली जाते आणि मेमरी कार्डही नवे घातले जाते, कारण कार्डावरची फाइल नुसती पुसली म्हणजे मजकूर गेलाच असे नसते.

पासवर्ड साध्या अक्षरांत असणे हा मात्र यंत्रातला दोष नव्हे. कोणी लॉगिन करण्याआधीच यंत्राला वायफाय जोडता यावे, यासाठी नेटवर्कमॅनेजरला पासवर्ड स्वतःला वाचता येईल असाच ठेवावा लागतो. ती फाइल फक्त रूटला, म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार असलेल्या खात्याला, उघडता येते, साध्या वापरकर्त्याला नाही. हे संरक्षण मात्र यंत्र चालू असेपर्यंतचेच आहे. कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स संगणकात घातले की त्या संगणकाचा रूट ती फाइल सहज वाचतो. म्हणून असे यंत्र लोकलमध्ये हरवले तर आधी घरच्या राउटरचा पासवर्ड बदलावा, पोलीस चौकीचे नंतर पाहावे.

आता दुसरी तक्रार. आमच्या दुकानातल्या मुलाने आपले यंत्र हाती घेतल्यावर केडीईच्या, म्हणजे यंत्रातल्या डेस्कटॉपच्या, जोडणीच्या पडद्यावर ‘सर्व वापरकर्त्यांसाठी, एन्क्रिप्शनशिवाय’ (एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे रूपांतर) हा पर्याय बदलून ‘फक्त या वापरकर्त्यासाठी, एन्क्रिप्शनसह’ हा निवडला. हेतू चांगला होता. पण त्यामुळे पासवर्ड केवॉलेट नावाच्या तिजोरीत गेला, आणि ती तिजोरी एरवी लॉगिनच्या पासवर्डाने आपोआप उघडते. आपल्या यंत्रात ऑटो लॉगिन, म्हणजे पासवर्ड न विचारता थेट आत जाण्याची सोय, चालू आहे. लॉगिनला कोणी पासवर्ड टाकतच नाही, तेव्हा तिजोरी बंद राहते आणि दर वेळी तिचा पासवर्ड आपल्याकडे मागते. केवॉलेटला कोरा पासवर्ड दिला की विचारणा थांबते, असा सल्ला आपल्याला कोणी दिल्याचे आपण लिहिले आहे. तसे करणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगणे होय. आपल्याला न विचारता हा बदल करायला नको होता. त्याचे घेतलेले ३०० रुपये परत मिळतील.

तिसरा मुद्दा. पासवर्ड ‘कोड करून’ ठेवायला आपण म्हणता ती संगणकाला लिहून द्यायची आज्ञा वायफायचे नाव आणि पासवर्ड घेऊन, त्यांच्यावर ४,०९६ वेळा गणित करून, ६४ अक्षरांची एक किल्ली तयार करते. त्या किल्लीवरून मूळ पासवर्ड उलगडत नाही हे खरे. तोच पासवर्ड आपण दुसरीकडेही वापरत असाल तर तेवढा बचाव होतो. पण घरच्या वायफायमध्ये शिरायला चोराला मूळ पासवर्ड लागतच नाही, ती ६४ अक्षरे पुरतात. शिवाय ही आज्ञा स्वतःच्या उत्तरात मूळ पासवर्डही टिप्पणीच्या ओळीत छापते, आणि लोक तो सगळा मजकूर जसाच्या तसा फाइलीत चिकटवतात; अशी दोन यंत्रे मी स्वतः उघडली आहेत. राउटरचे नाव बदलले की किल्ली निकामी होते, कारण नाव त्या गणितातच मिसळलेले असते. आणि राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर चालत असेल, तर ही किल्ली मुळीच चालत नाही, मूळ पासवर्डच लागतो. आम्ही ही सोय दिली नाही ती यामुळे.

खरा उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कच (आपल्या यंत्रात ते मेमरी कार्ड) एन्क्रिप्ट करणे. त्यासाठी प्रणाली नव्याने टाकावी लागते आणि यंत्र सुरू होताना एकदा पासवर्ड द्यावा लागतो; आपल्या यंत्राला छोटा कळफलक असल्यामुळे ते फारसे जड जाणार नाही. त्यानंतर वायफायचा पासवर्ड साध्या अक्षरांत राहिला तरी कार्ड चोरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि केवॉलेटची विचारणाही थांबते. हे नको असेल तर जोडणी पूर्ववत करून देऊ, किंवा पासवर्ड कुठेच न साठवता दर वेळी विचारण्याचा पर्याय लावून देऊ. तो घरी त्रासाचा आहे, पण कचेरीच्या वायफायसाठी मी स्वतः तोच ठेवतो.

एक गोष्ट आपण विचारली नव्हती, तरी सांगतो. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ पासून मोफत वायफाय आहे; अशा पासवर्ड नसलेल्या जोडण्याही यादीत राहतात, आणि पुढे त्याच नावाचे जाळे कोणीही उभे केले तर यंत्र त्याला आपणहून जोडले जाते. त्यांच्यापुढची आपोआप जोडण्याची खूण काढून टाकावी. आपल्या यंत्रात अशा दोन जोडण्या मी पाहिल्या आहेत.

रविवार सोडून कोणत्याही दिवशी अकरानंतर यावे. जे निवडाल ते काम विनामूल्य होईल, फक्त डिस्क एन्क्रिप्ट करायची असल्यास यंत्र दिवसभर ठेवावे लागेल आणि आपल्या फाइलींची प्रत आधी काढून आणावी लागेल. घरच्या वायफायचा पासवर्ड आमच्यापैकी कोणालाही सांगू नये. यंत्र घरी नेल्यावर तो आपणच टाकावा.

आपला,
दुकानाचा मालक