चौथा चमचा

दूध पाजण्याची बाटली ही एक वस्तू नसून पाच वस्तूंचे एकत्र कुटुंब आहे, हे मला बाप झाल्यावर कळले. बाटली, निपल, कडे, झाकण आणि हवेसाठी बसवलेली एक इवलीशी झडप हे सर्व सुटे करून धुवावे लागते, आणि त्यांपैकी झडप केवळ सिंकच्या जाळीत जाऊन बसण्यासाठीच जन्माला आलेली असते.

सिंकमध्ये इतर भांड्यांचे जंतू असतात, म्हणून बाटलीसाठी निराळे पातेले आणि निराळा ब्रश ठेवलेला आहे. घासून झाल्यावर सर्व भाग पाण्यात पूर्ण बुडवून पाच मिनिटे उकळायचे, असे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पोटात हवा धरून बसलेली बाटली बूड वर काढून तरंगत राहते आणि मी चिमट्याने तिला पुनःपुन्हा आत ढकलत असतो. एवढे करून ती पुसायची मात्र नाही, कारण फडक्यावरचे जंतू पुन्हा तिला चिकटतात. आपोआप वाळेपर्यंत वाट पाहायची. स्वतः वीस सेकंद साबणाने हात धुतल्याबरोबर माझे नाक खाजू लागते, ही गोष्ट कोणत्याही पत्रकात दिलेली नाही.

डब्यातली दुधाची भुकटी निर्जंतुक नसते, हा मला बसलेला सर्वांत मोठा धक्का होता. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या भुकटीतही तग धरतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या मार्गदर्शिकेनुसार पाणी ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी गरम नसावे, म्हणजेच उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते वापरावे. मग तेच दूध बाळाला सोसेल इतके निववण्यासाठी बंद बाटली नळाखाली धरायची. आधी तापवा आणि मग निववा, यामागचे शास्त्र मला पटलेले आहे; रात्री अडीच वाजता टाहो फोडणाऱ्या आमच्या कन्येला ते अजून पटवता आलेले नाही.

आमच्या डब्यावरील सूचनेप्रमाणे १२० मिलिलिटर पाण्याला सपाट चार चमचे भुकटी लागते. पाणी आधी, भुकटी नंतर. तीन चमच्यांनंतर तिने असा काही सूर लावला की टाकलेला चमचा तिसरा होता की चौथा, हे मला आठवेना. अंदाजाने दूध पातळ किंवा घट्ट करणे बाळाच्या प्रकृतीला घातक असल्याने ते सारे ओतून मी दुसरी बाटली घेतली. मनगटावर थेंब टाकून पाहिला, तो कोमट लागला, आणि विजयी मुद्रेने मी बाटली तिच्या तोंडाला लावली. तिने मोजून वीस मिलिलिटर दूध प्यायले आणि ती झोपी गेली.

उष्टे दूध पिणे सुरू केल्यापासून तासाभरात संपले नाही तर फेकून द्यावे लागते, कारण लाळेतले जंतू त्यात वाढतात. मी तासभर बाटली आणि घड्याळ यांच्यावर आळीपाळीने पहारा दिला, साठ मिनिटे भरताच जड अंतःकरणाने शंभर मिलिलिटर दूध सिंकमध्ये ओतले, आणि शेवटचा थेंब पडतो न पडतो तोच पाळण्यातून हाक आली. या वेळी मी चमचे मोठ्याने मोजत होतो. "तीन," असे म्हणून मी थबकलो, तेव्हा आतल्या खोलीतून बायको झोपेतच म्हणाली, "हा चौथा होता."