चोरानेच दिलेलं ओळखपत्र

गेल्या वर्षी आत्याचा फ्लॅट भाड्याने द्यायची जाहिरात मीच टाकली होती. दुसऱ्या दिवशी फोन. ‘सीआयएसएफ से बोल रहा हूँ’, म्हणजे विमानतळांची सुरक्षा बघणारं केंद्रीय दल; पुणे विमानतळावर बदली झालीये, फॅमिली घेऊन येतोय. घर न बघताच पसंत! विश्वास बसावा म्हणून आधार कार्ड, कँटीन कार्ड, वर्दीतला फोटो, सगळं व्हॉट्सॲपवर हजर. डिपॉझिट म्हणे ऑफिसच्या खात्यातून येतं, त्यासाठी आत्याने क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिला माहीत नव्हतं. ४८ हजार गेले.

मी इतकी चिडले होते की सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावायच्या आधी फेसबुकवर आले. फोटो, आधार, गावाचा पत्ता, सगळं टाकून दिलं. ‘या हरामखोराला ओळखून ठेवा.’ धडाधड शेअर झालं. कुणी त्याच्या गावाला जायची भाषा करत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी एकाने कमेंटमध्ये जुना स्क्रीनशॉट टाकला. हाच माणूस, हीच कार्डं, दुसऱ्या शहरात दुसऱ्या कुणाला घातलेला गंडा, तोही दोन वर्षांपूर्वीचा. कार्ड खऱ्या जवानाचं होतं. कधीतरी कुणाला तरी त्याने कागद पाठवले असणार, तेच आता चोरांच्या हातात फिरतायत.

मला माझीच लाज वाटली. ज्याचं नाव, नोकरी, बदली सगळं खोटं, त्याने पाठवलेलं आधार तेवढं खरं कसं मानलं मी? मोबाईल नंबरचंही तेच. सिम दुसऱ्याच्या कागदांवर निघतं. बँक खातं बहुधा कमिशनसाठी भाड्याने दिलेलं, कधी एखाद्या कॉलेजच्या पोराचं. पोरगं निर्दोष नाही, पण सूत्रधारही नाही. आपल्या हाती लागतं ते चोराने मुद्दाम पुढे केलेलं.

‘पोलीस काही करत नाहीत, मग लोकांनी तरी करावं’ हे मला कळतं. चौकीतल्या बाकावर मीही तीन तास बसले आहे. पण लोक करतात म्हणजे काय करतात? १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, या व्हॉट्सॲपवरच्या अफवेवर मंगळवेढ्याकडची भिक्षा मागणारी पाच माणसं ठेचून मारली. तिथे कुणाचं नाव-गाव फिरत नव्हतं, नुसता संशय होता. मी तर पत्ता दिला होता.

म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी आता भांडते. युक्ती लिहा, अगदी सविस्तर. तो काय बोलला, पिन कधी मागितला, सगळं. नंबर आणि खातं १९३०ला द्या, तेही तासाभरात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच काही हाती लागतं. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो कळवायला ‘चक्षू’ आहे. चेहरा, आधार, घर मात्र टाकू नका. याबद्दल मला ‘चोरांची वकील’ म्हणतात. म्हणोत.

आत्याचे पैसे आले नाहीत. पोस्ट मी तो स्क्रीनशॉट आला त्याच रात्री काढून टाकली. परवा तोच फोटो आमच्या ग्रुपवर आला, वर ‘अनेकदा फॉरवर्ड’चे दोन बाण. खाली मजकूर माझाच, ‘फसवणूक’मधला चुकलेला ऊकार तसाच.