मर्यादा वाढली, पण पदरचे पैसे कुठून आणायचे?

गावकरबाब, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने अग्रक्रम क्षेत्रातल्या (म्हणजे बँकांनी कर्जाचा ठरावीक वाटा ज्यांना द्यायलाच हवा, त्या गरजांतल्या) गृहकर्जाची मर्यादा आपल्या गोव्यात २५ लाखांवरून ३५ लाखांवर नेली, तरी ‘गोंयकाराला यातून फारसं मिळणार नाही’ असं लिहून मी तरुणांना नाउमेद करतो, ही तुमची तक्रार. मी त्या वाक्यावर ठाम आहे.

या मर्यादेपर्यंतचं कर्ज बँकेला तिच्या अग्रक्रम उद्दिष्टात मोजता येतं, म्हणून ती ते खुशीने देते. पण घराच्या किमतीलाही अट आहे, ४४ लाखांची. पर्वरीत किंवा ताळगावात दोन बेडरूमचा नवा फ्लॅट या भावात शोधून बघा! हे आकडे लोकसंख्येवरून ठरलेत. १० लाखांखालची सगळी गावं-शहरं एकाच रांगेत, त्यामुळे पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा सगळीच सर्वांत खाली. इथले भाव मात्र सुट्टीसाठी दुसरं घर घेणारा दिल्ली-मुंबईवाला चढवतो. माझा राग आहे तो यावर.

समजा, फोंड्यात ४४ लाखांत घर मिळालं. कर्ज ३५ लाख, उरलेले ९ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा. अगदी स्वस्त घरं सोडली तर २०१२ पासून बँका तो घराच्या किमतीत धरत नाहीत. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २५ लाखांचा हप्ता २१,७०० च्या आसपास बसतो, ३५ लाखांचा ३०,४००. एकट्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला हे झेपत नाही. जुनं घर असेल तर बँकेचा व्हॅल्युअर पुष्कळदा मालकाच्या भावापेक्षा कमी किंमत लावतो आणि कर्ज त्या कमी आकड्यावर मिळतं.

सहकारी बँकांची वाढलेली मर्यादा लोकांच्या सोयीची, असं तुम्ही लिहिलंत ते मात्र शंभर टक्के पटलं. लहान नागरी सहकारी बँकांना २०११ पासून एका माणसाला ३० लाखांवर गृहकर्ज देताच येत नव्हतं. जून २०२२ मध्ये ते ६० लाख झालं. ज्यांचं खातं, पत, ओळख सगळं तिथेच, त्यांची मोठी सोय झाली.

तुमचा मुलगा घर बघतोय म्हणता. विसार देण्याआधी त्याला सगळे कागद बँकेच्या वकिलाला दाखवायला सांगा. जमिनीची सनद (शेतजमिनीवर घर बांधायची सरकारी परवानगी) आहे का, वाटणी झालीय का, आणि विकणाऱ्याच्या बायकोची सही आहे का? आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात तिचाही हिस्सा असतो. ती सही राहिली, तर मंजूर झालेलं कर्जही हातात पडत नाही.