शिवी हासडली म्हणून डोकं थंड होत नाही

गाडी चालवताना येणाऱ्या रागाबद्दल एक सल्ला बराच फिरतो आहे. थोडक्यात असा: राग दाबू नका, तो साठतो आणि भलत्या ठिकाणी फुटतो. काचा बंद करून शिव्या द्या, हॉर्न दाबा, मोकळे व्हा. तापलेला ड्रायव्हर उलट जास्त सावध असतो. चुकीचं चालवणाऱ्याला तिथल्या तिथे धडा दिलाच पाहिजे. आणि कधी डोकं सटकलंच, तर स्वतःला दोष देऊ नका. तो एक क्षण असतो, तो कुणाच्या हातात नसतो.

यातलं एक विधान अर्धं खरं आहे, बाकीची चुकीची आहेत, आणि धड्याचं विधान सरळ जीवावर बेतणारं आहे. ओळीने घेऊ, आणि त्यांच्या जोडीने ऐकू येणारी आणखी दोन वाक्यंही.

‘राग बाहेर काढला की ओसरतो’

हे पटतं, कारण आपण रागाला वाफ समजतो. झाकण उचललं की वाफ जाते, तसा राग जाईल अशी कल्पना. प्रत्यक्षात राग दोन गोष्टींवर तगून राहतो: शरीराची उठलेली तयारी (वाढलेली धडधड, आवळलेले स्नायू, उथळ श्वास) आणि डोक्यात फिरणारं एक वाक्य, बहुधा ‘त्याने हे मुद्दाम केलं’. ओरडण्याने यातली एकही गोष्ट कमी होत नाही. धडधड वाढते आणि वाक्य आणखी पाठ होतं.

मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच कल्पनेची परीक्षा घेणारा होता. सहाशे विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितले, आणि उरलेल्यांना दोन मिनिटं नुसतं बसवलं. ज्यांनी राग ‘काढला’ तेच शेवटी सगळ्यांत जास्त चिडलेले निघाले. नुसते बसलेले सगळ्यांत कमी आक्रमक. पुढे २०२४ मध्ये सोफी क्येर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांहून जास्त माणसं होती. निष्कर्ष तोच: शरीराची तयारी उतरवणारे उपाय (सावकाश श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान) राग कमी करतात, तयारी वाढवणारे एकंदरीत करत नाहीत. धावण्याने तर राग वाढण्याकडेच कल दिसला. ‘जरा गाडी पळवली की डोकं शांत होतं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अर्धं खरं ते इथे आहे. राग गिळून आतल्या आत घोळवत राहणं हेही वाईटच, कारण मघाचं वाक्य तिथेही चालूच असतं. पण गिळणं आणि ओकणं एवढेच दोन पर्याय आहेत, ही समजूत चुकीची. तिसरा आहे: तयारी उतरवणं. ते स्टिअरिंगवर असताना कसं करायचं, हे पुढे येईलच.

‘रागावलेला ड्रायव्हर जास्त सावध असतो’

सावध असतो, पण एकाच गाडीबाबत. ज्या गाडीने कट मारला तिच्यावर त्याची नजर खिळते, आणि आरसे, बाजूची दुचाकी, पुढचा सिग्नल, रस्ता ओलांडू पाहणारा माणूस हे सगळं मागे पडतं. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ‘बघतो कोण आहे तो’ म्हणून बाजूच्या काचेत दोन सेकंद डोकावलं, तर ३३ मीटर रस्ता न बघता पार झाला.

अमेरिकेत साडेतीन हजारांवर चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून त्यांचं रोजचं चालवणं नोंदवलं गेलं. २०१६ साली आलेल्या त्याच्या विश्लेषणात राग, दुःख, रडू किंवा प्रक्षोभ चेहऱ्यावर उघड दिसत असताना अपघाताची शक्यता सुमारे ९.८ पट आढळली. आकडा एकट्या रागाचा नाही, हे खरं. पण भावना उसळल्यावर माणूस चांगला चालवतो, या म्हणण्याला त्यात काडीचाही आधार सापडत नाही.

‘चुकणाऱ्याला धडा दिलाच पाहिजे’

धड्याचे प्रकार ठरलेले आहेत: मागून चिकटणं, अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) मारत राहणं, पुढे जाऊन आडवं येणं, आणि सगळ्यांत घातक म्हणजे मागच्याला घाबरवायला अचानक ब्रेक मारणं. या शेवटच्याचा हिशेब मांडून बघू, कारण करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो मांडलेला असतो.

दोन्ही गाड्या ताशी ६०ने चालल्या आहेत, मधलं अंतर ८ मीटर, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीहूनही कमी. कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक दर सेकंदाला वेग साधारण २५ किलोमीटरने खाली आणतो. मागच्याला दिवा दिसून, अर्थ लागून, पाय ब्रेकवर जायला एक ते दीड सेकंद लागतो. दीड सेकंदात पुढची गाडी ६०वरून २२वर आलेली असते, मागची अजून ६०वरच असते, आणि मधले ८ मीटर नेमके तेवढ्यातच संपतात. मागच्याचा पाय ब्रेकला लागतो त्याच क्षणी तो ३८च्या फरकाने आदळतो. इतक्या जोराच्या धक्क्याने पुढच्या गाडीतल्यांच्या मानेला इजा होऊ शकते, आणि मागच्या सीटवर मुलं असतील तर धक्का आधी त्यांना बसतो.

हा हिशेब कारचा झाला. मागे दुचाकी असेल तर घाबरून दाबलेल्या पुढच्या ब्रेकने चाक लॉक होऊन ती आडवी होते; तुम्हाला साधा ओरखडाही न येता तिथे माणूस जातो. मागे ट्रक असेल तर हवेच्या ब्रेकला दाब पोचायलाच आणखी थोडा वेळ लागतो, आणि वजन असं की तुमची डिकी ही त्याच्यासाठी अडथळा नसतेच.

बरं, धडा मिळतो का? धडा मिळायला शिकणाऱ्याला आपली चूक कळलेली असावी लागते. इंडिकेटर न देता आत आलेल्याला बहुतेक वेळा तुम्ही दिसलेलेच नसता. तुम्ही त्याच्या आंधळ्या पट्ट्यात, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेत होता. त्याच्या दृष्टीने गोष्ट सुरू होते ती तुमच्या लांबलचक हॉर्नपासून. म्हणजे त्याच्या गोष्टीत पहिली आगळीक तुमची. मग तोही धडा द्यायला निघतो. भांडण अशाच रीतीने उभं राहतं, आणि दोघंही नंतर प्रामाणिकपणे सांगतात की सुरुवात समोरच्याने केली.

मागून कोणी चिकटलं असेल तर खरा उपाय ब्रेक मारण्याच्या उलट आहे: तुमच्या पुढचं अंतर वाढवा. ॲक्सिलरेटर हलकेच सोडा, पुढच्या गाडीपासून दोनऐवजी चार सेकंद राखा, म्हणजे ती जिथून गेली तिथे तुम्ही चार सेकंदांनी पोचाल इतकं अंतर. आता पुढे काही झालं तर तुम्हाला हळूहळू थांबता येईल, आणि मागच्यालाही. जागा मिळताच त्याला साइड द्या.

हॉर्नबद्दल एवढंच: तो ‘मी इथे आहे’ सांगायला आहे. त्याला अर्धा सेकंद पुरतो. सिग्नल हिरवा झाला आणि पुढचा हलला नाही तर दोन आकडे मोजा आणि एकदा टिचकी मारल्यासारखा वाजवा. त्याहून लांब हॉर्न हा निरोप नसतो, शिवी असते, आणि समोरच्याला ती बरोबर ऐकू येते.

‘अंतर ठेवलं की लोक घुसतात, राग येणारच’

घुसतात, नाकारायचं कारण नाही. किती वेळ जातो ते मोजा. एक गाडी मध्ये आली आणि तुम्ही पुन्हा दोन सेकंदांचं अंतर मोकळं केलं, तर तुमचे सव्वादोन-अडीच सेकंद गेले. दहा गाड्या घुसल्या तर २५ सेकंद. यासाठी बीपी वाढवून घ्यावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शेजारची रांग नेहमी जास्त पळते, हाही बराचसा भास. रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांनी १९९९ मध्ये संगणकावर दोन सारख्या वेगाच्या रांगा चालवून दाखवलं की आपण इतरांना ओलांडतो ते झपाट्याने, आणि इतर आपल्याला ओलांडतात तो वेळ मात्र लांबतो. शिवाय ओलांडलेल्या गाड्या पाठीमागे जाऊन दिसेनाशा होतात. पुढे गेलेल्या डोळ्यांसमोर राहतात. दोन्ही रांगांचा हिशेब सारखाच, तरी तक्रार दोन्ही रांगांत.

घाईचा हिशेबही असाच फसवा. २० किलोमीटर अंतर ६०ने गेलात तर २० मिनिटं, ७०ने गेलात तर १७ मिनिटं आणि थोडे सेकंद. तेही मध्ये एकही सिग्नल नाही असं धरून.

‘तो एक क्षण असतो, हातात नसतो’

या विधानाने सगळ्यांत जास्त नुकसान होतं, कारण ते पुढच्या वेळची परवानगी आधीच देऊन ठेवतं.

१९६८ साली डूब आणि ग्रॉस यांनी केलेला प्रयोग जुना असला तरी नेमका आहे. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढची गाडी मुद्दाम १२ सेकंद हलवायची नाही, आणि मागचा काय करतो ते पाहायचं. पुढे जुनाट, स्वस्त गाडी असताना ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला; नवी, भारी गाडी असताना ५० टक्क्यांनी. (कागदावर विचारलं तेव्हा पुरुष उलट सांगत होते, भारी गाडीलाच आधी वाजवू म्हणून. असो.) १९९५च्या दुसऱ्या एका प्रयोगात छत उघडता येणाऱ्या गाड्यांचे चालक निवडले: छत बंद असलेल्यांनी हॉर्न लवकर, जास्त वेळा आणि जास्त वेळ वाजवला, छत उघडं असलेल्यांनी सबुरी दाखवली. समोर कोण आहे आणि आपण कुणाला दिसतो आहोत, एवढं पाहून जो राग आवरतो, तो हाताबाहेरचा म्हणता येत नाही. पुढे पोलिसांची गाडी दिसली की किती जणांचा ‘क्षण’ गायब होतो, ते कोणीही पाहू शकतं.

आणि तो क्षण नसतोही. त्याआधी बऱ्याच पायऱ्या असतात. झोप कमी झालेली, निघायला उशीर, उकाडा, भूक, घरून निघताना झालेली चकमक. मग गाडीत: जबडा आवळला जातो, खांदे कानांकडे सरकतात, स्टिअरिंगवर बोटं पांढरी पडतात, पुढच्या गाडीचं अंतर नकळत अर्ध्यावर येतं आणि तोंडून ‘हे लोक ना…’ अशी सुरुवात होते. शेवटच्या दोन खुणा सगळ्यांत भरवशाच्या, कारण त्या इतरांनाही दिसतात आणि ऐकू येतात. शेजारी बसलेल्याने ‘शांत हो’ म्हणू नये, त्याने भडका वाढतो. ‘जरा अंतर वाढव, मला भीती वाटते’ हे काम करतं.

खूण पटली की क्रम असा. आधी पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. ब्रेकवर नेऊ नका. तीन सेकंदांत अंतर आपोआप वाढू लागतं. मग हात स्टिअरिंगवरच ठेवून बोटांची पकड सैल करा, खांदे खाली सोडा, दातांमध्ये फट ठेवा. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. बाहेरचा लांब, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. असे बारा-पंधरा श्वास, म्हणजे दोन-अडीच मिनिटं. तीन श्वास घेऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत. शरीर तेवढ्यात उतरत नाही. डोळे अर्थातच रस्त्यावर. शेवटी डोक्यातलं वाक्य बदला: ‘मुद्दाम आडवा आला’ऐवजी जे दिसलं तेवढंच मोठ्याने बोला, ‘पांढरी गाडी, इंडिकेटर नाही, आत आली, पुढे गेली.’ वर्णनात हेतू नसतो, आणि हेतूशिवाय राग फार वेळ टिकत नाही. तरीही हात थरथरत असतील तर सुरक्षित जागी गाडी लावून दहा मिनिटं थांबा. पण ज्याच्याशी बाचाबाची झाली त्याच्या नजरेसमोर थांबू नका.

‘उतरून दोन शब्द बोललं की मिटतं’

मिटत नाही. गाडीतून उतरलेला माणूस समोरच्याला हल्ला करायला आलेलाच दिसतो, मनात काहीही असो. समोरचा उतरून तुमच्याकडे येत असेल तर काचा वर, दारं लॉक, त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही, हातवारे नाहीत, मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरायचा नाही. गाडीचा नंबर शेजारी बसलेल्याने टिपावा. सिग्नलला थांबतानाच पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकी जागा सोडायची सवय असेल, तर रिव्हर्स न घेता बाजूने निघता येतं. दुचाकीवर असाल तर त्याच्या बरोबरीने कधीच चालवू नका. वेग कमी करून मागे राहा, पहिल्या वळणावर निघून जा.

कोणी पाठलाग करतोय अशी शंका आली तर समोरची वाहतूक न ओलांडता घेता येतील अशी चार वळणं एकाच बाजूला घ्या. तुम्ही फिरून त्याच रस्त्यावर आलात आणि ती गाडी अजून आरशात असेल, तर घराकडे वळू नका. पोलीस चौकी, नाहीतर दिवे आणि माणसं असलेला पेट्रोल पंप गाठा, इंजिन चालू ठेवा आणि आतूनच फोन करा.